फक्त जनावरांसाठी

"नीलम्मा, जनावराचं औषध देताना तीन कामं करायची. तोंडानं सांगायचं, हातानं लिहून द्यायचं, आन् दोन दिसांनी गोठ्यावर जाऊन बघून यायचं. पुडी हातात दिली म्हणजे औषध दिलं असं होत न्हाई, बाई. ती कुठं गेली ते बघितलं, म्हणजे दिलं."

चन्नबसप्पा हे सांगत तेव्हा त्यांच्या कपाळावरची विभूती अजून ओलसर असे आणि एक डोळा समोर लागलेल्या परभणी गाडीकडे असे. सोनपेठच्या बसस्टँडसमोर त्यांनी तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. सून डी. फार्म. झालेली मिळाली तेव्हा त्यांनी तिचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत बसवून देवाच्या तसबिरीशेजारी टांगलं आणि सकाळची उदबत्ती दोन्हीला ओवाळायला सुरुवात केली. नीलम्माला फार संकोच वाटे. पण सासऱ्याला 'असं करू नका' म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी ते ऐकू गेलं नसतं. नीलम्मा इतकं हळू बोलायची की गिऱ्हाइकांना काउंटरवर ओणवं होऊन औषधाची वेळ समजून घ्यावी लागे.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारपणातही त्यांनी ही तीन कामं पुन्हा म्हणून घेतली होती, आणि नीलम्मानं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून "होय मामा" म्हटलं होतं. पहिली दोन ती नेमानं करी. तिसरं तेवढं राहून जाई. त्याला कारणही भक्कम होतं. फार्मासिस्टनं दुकान सोडून जाऊ नये असा कायदा आहे आणि मामांचं तिसरं काम दुकान सोडल्याशिवाय होत नाही. कायद्याची अशी साथ मिळाली की माणसाचा आळससुद्धा पवित्र होऊन बसतो. नीलम्मा रोज लिंगपूजेला बसली की 'मामांचं तिसरं राहिलंय' हे तिला आठवे, आणि पूजा उरकून दुकानाचं शटर वर केलं की कायदा आठवे.

तर आषाढात औषध निरीक्षक साहेब आले.

मामांच्या काळात जनावरांची औषधं एका वेगळ्या लाकडी पेटीत असत. त्या पेटीला वाळवी लागली, म्हणून नीलम्माचे यजमान शिवकांत यांनी ती औषधं 'दोन दिवसांपुरती' मोठ्या फळीवर मांडली होती. त्या दोन दिवसांना आठ महिने झाले होते. शेळ्यांच्या जंताची बाटली लेकरांच्या खोकल्याच्या बाटलीला खांदा लावून उभी होती. दोघींचा रंग गुलाबी. साहेबांनी दोन्ही बाटल्या उचलल्या, एकमेकींशेजारी धरल्या आणि काहीच बोलले नाहीत. ओरडणाऱ्या साहेबाला चहा सांगता येतो. गप्प बसणाऱ्याला काय सांगायचं?

"जनावरांची औषधं फक्त त्यांच्यासाठीच राखलेल्या कपाटात पाहिजेत," ते शेवटी म्हणाले. "कुलूप पाहिजे. गिऱ्हाइकाचा हात पोचता कामा नये. पंधरा दिवसांनी येतो. नाही झालं, तर..." आणि त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. त्या चौकटीत नाव शिवकांतचं नव्हतं.

त्या संध्याकाळी नीलम्माला जेवण गेलं नाही. शिवकांत मात्र उत्साहात होते. त्यांना मोजमाप घेण्याची आवड आहे. त्यांनी टेप आणून दुकानाची लांबी, रुंदी, पंख्याची उंची आणि कारण नसताना नीलम्माच्या खुर्चीची रुंदी मोजली. शेजारच्या किराणा दुकानातून बन्सीधर हे बघत होते. कुणाच्या हातात टेप दिसला की बन्सीधरांना सल्ला अनावर होतो.

"नवं कपाट? कामून? आमच्या आईचं लग्नातलं पडून हाय की घरी! आजकालचे पत्रे काय, बोट लावलं की पोचे पडतात. आईच्या कपाटावर बैल धडकला होता एकदा. बैलाला डॉक्टर आणावा लागला."

जनावरांच्या औषधासाठी याहून मोठं प्रशस्तिपत्र काय असणार? शिवकांत लगेच हो म्हणाले. नीलम्माला विचारायचं होतं की कपाटाला आरसा-बिरसा नाही ना. तिनं विचारलंही. पण तोवर दोघं ट्रॅक्टर बघायला गेले होते.

कपाट ट्रॉलीत आलं. दारात अडकलं. चार माणसांनी ते आडवं केलं, उभं केलं, फिरवलं. शेवटी बन्सीधर म्हणाले की दार लहान आहे, दाराची चौकट काढा. चौकट काढली, तेव्हा कळलं की दुकानाची पाटी त्या चौकटीवर टेकली होती. पाटी खाली आली ती थेट शिवकांतच्या खांद्यावर. तीस वर्षं दिमाखानं उभ्या असलेल्या पाटीला तडा गेला, आणि शिवकांतना पाटी लावून बसलेले पाहून परभणी गाडीतल्या उतारूंनी खिडक्यांतून हात केले. ज्या घरात आवाज चढवून बोलायची पद्धत नाही, त्या घराच्या कर्त्या पुरुषानं त्या दिवशी जे शब्द काढले ते नीलम्मानं ऐकले नाहीत असं ती आजही म्हणते.

पाटी मोडली म्हणून ती रंगवायला सिद्धोधन पेंटर आले. पाटी झाल्यावर शिवकांत म्हणाले, आलाच आहात तर कपाटावरही लिहून टाका, साहेबांना लांबूनच दिसलं पाहिजे. सिद्धोधननी कपाटावर नख ओढून पाहिलं.

"ह्याच्यावर रंग धरायचा न्हाई शिवकांतभाऊ. आतून गंज हाय. काचंवर धरंल."

म्हणजे आरशावर. कपाटाच्या दारात माणसाच्या उंचीचा आरसा होता. बन्सीधरांच्या आईनं त्यात पाहून चाळीस वर्षं कुंकू लावलं होतं. सिद्धोधन हे कलावंत माणूस. नुसती अक्षरं लिहून ब्रश धुणं त्यांना जमत नाही. त्यांनी आरशाच्या वरच्या भागात कमानीसारखं वळवून लालभडक अक्षरांत 'फक्त जनावरांसाठी' लिहिलं, आणि कमानीच्या दोन टोकांना, शोभेसाठी, एक-एक बैलाचं शिंग काढलं. शिंगं खरोखर सुरेख होती. पोळ्याला रंगवतात तशी, टोकाला पिवळा ठिपका.

सकाळी शिवकांत दुकानात आले आणि सवयीनं कंगवा काढून आरशासमोर उभे राहिले.

बेताच्या उंचीच्या माणसाला ती शिंगं बरोबर कानांच्या वर येत होती. डोक्यावर कमान, कमानीत लाल अक्षरं, खाली शिवकांत. त्यांनी कंगवा खिशात घातला. मागं बन्सीधरांच्या मोबाइलचा आवाज झाला.

"खोडा ते," शिवकांत म्हणाले.

पण सिद्धोधन शाळेची भिंत रंगवायला सेलूला निघून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. दुपारपर्यंत तो फोटो गावात फिरला. डोकेदुखीची गोळी घ्यायला त्या दिवशी जेवढी माणसं आली तेवढी डोकी सोनपेठमध्ये दुखत असतील असं नीलम्माला वाटत नव्हतं. येणारा गोळी घेई, सहज सरकावं तसा कपाटासमोर सरके, जरा ओणवा होऊन शिंगं जुळवून घेई आणि समाधानानं घरी जाई. "चष्म्यावर जास्त शोभतंय," असंही एकजण म्हणून गेला. शिवकांत दिवसभर माल लावायच्या निमित्तानं मागच्या खोलीत बसले. नीलम्मा बुटकी. तिला शिंगं लागत नव्हती, डोक्यावर चार बोटं उंच तरंगत राहत. देवानं एवढी तरी लाज राखली म्हणून तिनं हात जोडले.

साहेब आले. आरशासमोर आले. उंचीनं ते शिवकांतपेक्षा दोन बोटं जास्त, त्यामुळे शिंगं कानातूनच उगवल्यासारखी दिसली. साहेबांनी स्वतःकडे बराच वेळ पाहिलं. मग एक पाऊल बाजूला सरकून म्हणाले, "अक्षर ठळक आहे. नियमात बसतं."

मग त्यांनी फ्रीज उघडला. तापमानाची नोंद बघितली. लसींच्या मागं शिवकांतच्या ताकाची बाटली निघाली. ती त्यांनी दोन बोटांत धरून शिवकांतच्या हाती दिली. मग नोंदवही.

"हे कोण? रुग्णाचं नाव राजा. वय सहा. डॉक्टरांची चिठ्ठी आहे. पण आडनाव का नाही?"

"बैल आहे, साहेब," नीलम्मा म्हणाली. साहेब ओणवे झाले. तिनं पुन्हा सांगितलं. "बैल."

आणि मग त्यांना तिच्या चिठ्ठ्या दिसल्या. औषधाच्या वेष्टणावर बारीक इंग्रजीत जे छापलेलं असतं ते नीलम्मा प्रत्येकाला मोठ्या मराठी अक्षरात लिहून देत असे. औषध कुणाचं, किती, कसं, कुठं ठेवायचं, लेकरांपासून कसं जपायचं, दूध किती दिवस काढून टाकायचं. साहेबांनी तिची नक्कल-वही चाळली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

"मॅडम, अशी चिठ्ठी देणारं दुकान मी दुसरं बघितलं नाही."

अहंकार हा कसा येतो ते सांगता येत नाही. तो गाजावाजा करून आला तर सोमवारचे उपास करणारी बाई त्याला दारातूनच परत पाठवील. तो चिठ्ठीच्या कौतुकाचा सदरा घालून येतो. त्या रात्री नीलम्मानं पूजेत 'मामांचं तिसरं राहिलंय' हे आठवलं, आणि मनात आलं, की चिठ्ठी एवढी चांगली असेल तर तिसऱ्याची गरज तरी काय?

श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी धुरपताबाई आली. गोदाकाठच्या वाटेला तिचं शेत, शेतात घर, घरी एक नात आणि एक गाय. गाईचं नाव चंद्री. चंद्रीला दगडी झाली होती. कास दगडासारखी घट्ट, हात लावू देईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सडात सोडायच्या तीन ट्यूबा लिहून दिल्या होत्या. नीलम्मानं कपाटाचं कुलूप काढलं, आतले हातमोजे घातले.

हातमोज्याचं असं, की त्या ट्यूबांत पेनिसिलिनच्या जातीचं औषध होतं, आणि नीलम्माला ते मानवत नाही. कॉलेजात असताना एका इंजेक्शनानं तिचं सगळं अंग गांध्यांनी भरलं होतं, गळा सुजला होता, आणि लातूरच्या दवाखान्यात तिच्या वडलांनी रात्रभर जप केला होता. ट्यूबा बंद असतात, हात लावल्यानं काही होत नाही, हे तिला कळतं. तरी ती मोजे घालायची. शिवकांत त्यावरून तिला चिडवत.

"आजपासून रोज एक," ती धुरपताबाईला म्हणाली. "ट्यूब सोडायच्या आधी कास धुऊन, दूध पूर्ण काढून घ्यायचं. शेवटची रविवारी. त्याच्यापुढं चार दिवस, म्हणजे गुरुवारपर्यंत, ते दूध माणसाला द्यायचं नाही. डेअरीला घालायचं नाही."

"बरं अक्का."

"लिहून देते." आणि तिनं लिहिलं. तारखा घातल्या. वेलांट्या-उकार नीट दिले. 'औषध चालू असेपर्यंत आणि शेवटच्या ट्यूबनंतर चार दिवस या गाईचे दूध माणसांना देऊ नये, विकू नये.' खाली दोन रेघा. लिहून झाल्यावर तिनं चिठ्ठी जराशी लांब धरून पाहिली, तसं सिद्धोधन आपल्या अक्षराकडे पाहतात.

"तुमी लय जीव लावून सांगता अक्का," धुरपताबाई म्हणाली. "चंद्री नीट झाली तर म्या सोमवारी महादेवाला येनार हाय. नवसच बोललेव."

"या की," नीलम्मा म्हणाली.

श्रावणी सोमवारी नीलम्माचा निर्जळी उपास असतो. संध्याकाळी वेशीबाहेरच्या महादेवाला अभिषेक होतो, स्वामीजी तीर्थ देतात, ते तीर्थ घेऊनच ती उपास सोडते. लग्नाआधीपासूनचा नेम आहे, एकदाही चुकलेला नाही. त्या सोमवारी अभिषेकानंतर गव्हाच्या हुग्गीचा, म्हणजे दूध घातलेल्या खिरीचा, प्रसाद होता. बन्सीधर माइकवर होते. दूध आणणाऱ्याचं नाव पुकारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि ते एखाद्या कुस्तीच्या फडासारखं चाललं होतं.

"धुरपताबाईऽऽ! पितळी चरवी भरून! अर्धं देवाला, अर्धं हुग्गीला! असं दूध पुऱ्या सोनपेठात न्हाई!"

नीलम्मा डोळे मिटून जप करत होती. तिनं नाव ऐकलं आणि तिला बरं वाटलं. चंद्री सुधारलेली दिसते. नवस फेडायला आली बिचारी. जप चालू राहिला. अभिषेक झाला. आरती झाली. उपासाची बाई म्हणून स्वामीजींनी पहिलं तीर्थ तिच्या हातावर घातलं. पांढरं, थंड, बेलाचा वास येणारं. तिनं हात ओठांकडे नेला.

शेजारी धुरपताबाई उभी होती. आनंदानं तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"घ्या अक्का, घ्या. मह्या चंद्रीचंच हाय."

नीलम्माचा हात ओठांपासून दोन बोटांवर थांबला.

"धुरपताबाई... तुमच्याकडं दुसरी गाय आहे का?"

"दुसरी कुठली आणू अक्का?"

"मग मी सांगितलं होतं ना? लिहून दिलं होतं..."

"हे बगा की!" धुरपताबाईनं कमरेची पिशवी काढली, पिशवीतून प्लास्टिकचा कागद, कागदातून चिठ्ठी. चिठ्ठीला हळद-कुंकू लागलेलं होतं. "नातीकून रोज वाचून घेतलं. माणसांना देऊ न्हाई. म्या घोटभर देलं न्हाई. शेजारीण चहाला मागायली, तिला म्हनलं, अक्कानी लिवून देलंय, तुला कसं देऊ? इकू न्हाई. डेअरीवाला दारात हॉर्न वाजवून वाजवून गेला. मग म्या इचार केला, माणसाला न्हाई तर मग कुनाला? लक्ष्मीचं दूध, सांडून तर देता येत न्हाई. शनवार-आयतवारचं घुसळून तूप काढलं, त्येच देवाच्या समईत जळायलंय बगा. आन् आजचं ह्ये आणलं."

चिठ्ठीत कुठंच चूक नव्हती. वेलांट्यासुद्धा बरोबर होत्या.

आता नीलम्माची अवस्था काय झाली असेल, ते नेमधर्म पाळणाऱ्यांनाच कळेल. तळहातावर तीर्थ. ते प्यावं तर गळा सुजणार. सांडावं तर पाप. हात पुसावा तर त्याहून पाप. आणि पलीकडे हुग्गीची कढई उतरवून ठेवलेली, द्रोण मांडलेले, लेकरांची रांग लागलेली, बन्सीधरांनी पळी उचललेली.

"थांबा," नीलम्मा म्हणाली.

तिच्या शेजारच्या बाईलासुद्धा ऐकू गेलं नाही.

"थांबा हो," ती पुन्हा म्हणाली. पळी कढईत बुडाली. मग नीलम्मा उजवा हात तसाच वाटीसारखा धरून, एक थेंब न सांडता, रांगेतून वाट काढत गेली आणि डाव्या हातानं तिनं माइक उचलला.

"थांबाऽ!"

सासरच्या वीस वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो सगळा शिल्लक होता. पिंपळावरचे बगळे उडाले. लाइनीतलं एक लेकरू रडायला लागलं. दुकान बंद करून तेवढ्यात पोचलेले शिवकांत पायरीवरच उभे राहिले. हा आवाज कुणाचा आहे ते त्यांना ओळखू आलं नव्हतं.

"मी नीलम्मा. दुकानातली... फार्मासिस्ट." माइकवर तिचा श्वास वाऱ्यासारखा वाजत होता. "हुग्गीत जे दूध पडलंय त्यात गाईचं औषध उतरलेलं आहे. कुणी खायची नाही. लेकरांना तर अजिबात नाही."

मग सगळं देऊळ एकदम बोलायला लागलं.

"आवो वहिनी, उकळलंय की ते चांगलं तासभर!" बन्सीधर म्हणाले. "उकळल्यावर काय राहतंय?"

"उकळून जंतू मरतात. औषध जात नाही."

"सगळ्या गावाच्या दुधात एक चरवी. कितीसं लागायलंय?"

"कुणाला किती लागतं ते मला माहीत नाही. मला लागतं ते माहीत आहे."

"देवाला चाललं आन् आपल्याला कसं चालत न्हाई?" मागून एक म्हातारा म्हणाला. डी. फार्म.ला हा धडा नाही.

उत्तर स्वामीजींनी दिलं. ते गाभाऱ्यातून बाहेर आले, धुरपताबाईच्या हातातली चिठ्ठी त्यांनी मागून घेतली, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "ह्या देवानं हलाहल पचवलंय. त्याला सवय आहे. तुला आहे का रे बाबा? नाही ना? मग बस खाली."

मग ते नीलम्माकडे वळले. तिचा उजवा हात अजून तसाच वाटीसारखा होता.

"ते त्याचं त्याला परत दे, आई. पोचलं त्याला."

तिनं ते तीर्थ पिंडीवर वाहिलं आणि तिथंच हात धुतले. हातावर गांध्या उठल्या नाहीत. उपास बेलाच्या पानावर आणि साध्या पाण्यावर सुटला. हुग्गी देवळामागं खड्डा करून पुरली. पुरताना बन्सीधरांचा चेहरा असा होता की अनोळखी माणसानं टोपी काढली असती. "आईचं कपाट दिलं, दाराची चौकट काढली, पाटी झेलली..." ते म्हणत होते. पाटी शिवकांतनी झेलली होती. प्रसाद म्हणून लेकरांना केळी वाटली. समईतल्या तुपाबद्दल स्वामीजींनी विचारलं, तेव्हा नीलम्मा म्हणाली, जळू द्या, ते कुणी खात नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. औषध निरीक्षक साहेब. सोनपेठात मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ परभणीला पोचायला एसटीइतका वेळ लागत नाही.

"मॅडम, चिठ्ठीत नक्की काय लिहिलं होतं?"

तिनं वाचून दाखवलं.

"नियमाप्रमाणे बरोबर आहे," साहेब म्हणाले. "नियमात देवाचा उल्लेख नाही. आता मला वरती काय लिहायचं ते सुचत नाहीये. वेळेवर थांबवलंत एवढं लिहितो." आणि थोडं थांबून, "कपाटावरची ती शिंगं मात्र खोडा."

माणसं पांगली. शिवकांत चप्पल शोधत होते. धुरपताबाई पायरीवर एकटीच बसली होती, रिकामी चरवी मांडीवर घेऊन. तिला कुणी रागावलं नव्हतं. म्हणूनच ती जास्त खचली होती.

नीलम्मा शेजारी जाऊन बसली.

"देवानं बी परत केलं म्हना मपलं," धुरपताबाई म्हणाली.

"देवानं घेतलं. मी परत केलं. चूक माझी आहे. मी तुम्हाला 'कुणाला देऊ नका' ते लिहिलं, 'काय करा' ते लिहिलंच नाही."

"काय करायचं मग?"

"खड्ड्यात ओतायचं आणि माती टाकायची. गुरुवारपर्यंत. वासराला पण ते द्यायचं नाही, त्याला वेगळं दूध द्यायचं. डॉक्टरांना विचारून सांगते."

धुरपताबाईनं तिच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं नीलम्माला ओळखीचं होतं. तिची आई ताटात शीत राहिलं तरी असंच बघायची.

"दूध मातीत? अक्का, नवरा गेला तवा बी धार चुकली न्हाई मही. ह्या हातानं काडलेलं दूध ह्याच हातानं मातीत ओतू? तुमी म्हनता म्हून ऐकंल म्या. पर हात न्हाई वळायचा. खोटं कशाला बोलू? तुमी गेल्यावर म्या ते कुठंतरी पोचवीन. कुत्र्याला, मांजराला, कुनालाबी."

हे इतकं खरं होतं, की त्यावर चिठ्ठी लिहिता येत नव्हती. आपण तरी ओतलं असतं का? मघाशी तळहातावरचं तीर्थ आपल्याकडून सांडवलं नाही.

"तुमच्या हातानं नको," नीलम्मा म्हणाली. "मी येते. सकाळी आणि संध्याकाळी. माझ्या हातानं ओतते. पाप लागायचं असेल तर मला लागू द्या. गुरुवारपर्यंत."

"तुमी? दीड कोस? आन् दुकान?"

"दुकान उघडायच्या आत एकदा जाऊन येईन, बंद केल्यावर एकदा."

"खरंच येताल?"

नीलम्माचा हात आपोआप गळ्याशी गेला. "होय," ती म्हणाली. पुढचा 'मामा' हा शब्द तिनं कसाबसा आवरला.

मंगळवारी तांबडं फुटायच्या सुमाराला तिची लिंगपूजा झाली. शिवकांत अंथरुणातूनच म्हणाले, "एवढ्या लवकर कुठं?"

"मामांचं तिसरं राहिलंय."

ते उठून बसले. काही विचारणार होते, मग म्हणाले, "कुदळ मागच्या खोलीत आहे. दांडा हलतोय, सांभाळून."

दुकानाचं अर्धं शटर वर करून ती आत शिरली. हातमोजे जनावरांच्या कपाटात होते. किल्ली लावताना आरशात तिला आपला चेहरा दिसला. वर लाल कमान, कमानीच्या टोकांना दोन शिंगं, नेहमीसारखी चार बोटं उंच. नीलम्मानं मागं वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं. मग टाचा उचलल्या, आणखी उचलल्या, शिंगं कानांच्या बरोबर वर येईपर्यंत. क्षणभर तशीच उभी राहिली.

मग तिनं मोजे पिशवीत टाकले, शटर ओढलं, कुदळ खांद्याला लावली आणि गोदाकाठच्या वाटेला लागली.